पुणे परिसरातील तंबूमुक्काम आणि व्हीलचेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवना, मुळशी किंवा पानशेत धरणाच्या काठी तंबूत राहायला जाणे हा पुणेकरांचा शनिवार-रविवारचा नेहमीचा बेत झाला आहे. मात्र घरात व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती असली की हा बेत बहुतेक वेळा "जमणार नाही" एवढ्यावरच मोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या व्यक्तीला घरी ठेवून बाकीचे जातात. मी स्वतः व्हीलचेअर वापरतो आणि अशा मुक्कामांची आखणी करणाऱ्या कुटुंबांशी माझे सतत बोलणे होते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला तंबूत राहणे खरोखर शक्य आहे का?

होय. अडचण तंबूची कमी आणि तंबूपर्यंतच्या वाटेची व शौचालयाची जास्त असते. गाडी थांबते ती जागा, तंबू, शौचालय आणि जेवणाची जागा ही चार ठिकाणे घट्ट आणि सपाट वाटेने एकमेकांना जोडलेली असतील, तर मुक्काम सुखाचा होतो. यांतील एक दुवा जरी तुटला, तरी पुढचे सगळे दुसऱ्याच्या मदतीवर अवलंबून राहते, आणि मग रात्री दोन वाजता शौचाला जायचे असेल तर कोणाला उठवायचे हा प्रश्न मनात ठेवूनच माणूस झोपतो.

पुण्याजवळ कोणत्या भागात जावे?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पवना धरण असते, कारण तिकोना, तुंग आणि लोहगड यांच्या सावलीतील तो काठ देखणा आहे. परंतु मावळ आणि मुळशीची जमीन डोंगरउताराची आहे. पाण्याजवळचे तंबू पुष्कळदा रस्त्यापासून बरेच खाली असतात आणि मधल्या वाटेवर दगडी पायऱ्या किंवा नुसती मातीची घसरण असते. शिवाय पावसाळ्यानंतर धरणातील पाणी जसजसे मागे हटते, तसतसा मोकळा होणारा पट्टा वरून कोरडा दिसला तरी खाली गाळाचा असतो. पायी चालणाऱ्याला तो जाणवत नाही, पण व्हीलचेअरची पुढची लहान चाके त्यात रुततात आणि खुर्ची जागच्या जागी पुढे कलंडते. म्हणून पवनेला जायचेच असेल, तर अगदी काठावरचा तंबू सोडून रस्त्याच्या पातळीवरचा, वरच्या बाजूचा तंबू मागावा. तेथून पाणी दिसते आणि सकाळी कोणालाही न बोलावता त्या दृश्यासमोर जाऊन बसता येते.

पहिल्याच मुक्कामासाठी माझी शिफारस पुण्याच्या पूर्वेची आहे. शिरूर, दौंड, बारामती या बाजूची जमीन पुष्कळ सपाट आहे आणि तिकडच्या कृषी पर्यटन केंद्रांत अंगण, ओसरी, जेवणाची जागा अशी सगळी रचना बहुधा एकाच पातळीवर असते. मोरांसाठी प्रसिद्ध असलेली मोराची चिंचोली याच पट्ट्यात येते. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तेथे नावेत चढणे अवघड असले, तरी काठावरून दुर्बिणीने पक्षी पाहण्यात दिवस छान जातो.

कोणत्या महिन्यांत जावे?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. जून ते सप्टेंबर या काळात मावळ-मुळशीतील मातीच्या वाटांवर व्हीलचेअर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाकांना लागलेला चिखल हाताने ढकलायच्या कडीवर येतो, कडीवरून तळहातावर, तेथून कपड्यांवर आणि शेवटी अंथरुणावर पोहोचतो. ब्रेकची पकडही ओल्या टायरवर सैल होते. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबलेला असला, तरी वाटा घट्ट व्हायला वेळ लागतो.

हिवाळ्यात एका गोष्टीची काळजी घ्यावी. धरणाकाठी पहाटे दव भरपूर पडते. रात्री खुर्ची तंबूबाहेर ठेवली आणि तिच्यावर फोमची गादी राहिली, तर सकाळी ती पिळून काढण्याइतकी ओली झालेली असते. ओल्या गादीवर दिवसभर बसणे त्वचेला घातक असते.

फोनवर चौकशी करताना नेमके काय विचारावे?

"व्हीलचेअर चालेल का?" असे कधीही विचारू नये. या प्रश्नाला हमखास "हो, चालेल की" असे उत्तर मिळते. समोरचा माणूस खोटे बोलत नसतो. रोज ज्या दोन पायऱ्या तो सहज उतरतो, त्या त्याच्या लेखी पायऱ्याच नसतात. त्यामुळे त्याचे मत मागू नये, मापे मागावीत. वाटेत एकूण किती पायऱ्या आहेत, प्रत्येकीची उंची किती इंच आहे, शौचालयाच्या दाराची चौकटीच्या आतली रुंदी किती आहे, कमोड आहे की भारतीय बैठक, आणि दाराशी उंबरा आहे का, हे टेपने मोजून सांगायला सांगावे.

त्याहून उपयोगी उपाय चित्रीकरणाचा आहे. गाडी जेथे उभी राहते तेथून सुरुवात करून तंबूच्या दारापर्यंत, आणि तेथून शौचालयात थेट कमोडपर्यंत, मोबाइल मध्ये न थांबवता चालत चालत केलेले चित्रीकरण पाठवण्याची विनंती करावी. सुट्या छायाचित्रांत नेमकी अडचणीची जागा राहून जाते. सलग चित्रीकरणात ती लपत नाही. कॅम्पसाइटचा जो चालक हे काम आनंदाने करतो, त्याच्याकडे इतर बाबतींतही आपले ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे.

त्याआधी घरी आपल्या खुर्चीची रुंदी मोजून ठेवावी. साधी घडीची व्हीलचेअर बाहेरच्या कड्यांसह साधारण 62 ते 68 सेंटिमीटर भरते, आणि ती ढकलताना हातांनाही जागा लागते. केंद्र शासनाच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर सांगितलेली आहे. तंबूंच्या जागी बांधलेल्या शौचालयांची दारे पुष्कळदा अडीच फुटांची किंवा त्याहूनही अरुंद असतात, म्हणून या एका मापावर तडजोड करू नये.

"आमच्याकडे मुले आहेत, उचलून नेतील" असे सांगितले तर?

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही उचलून नेणे ही सोय नव्हे. चार अनोळखी माणसांनी आपल्याला उचलणे यात पडण्याचा धोका आहे, अवघडलेपण आहे, आणि दिवसातून किती वेळा उचलायला सांगायचे याचा संकोच तर आहेच. या संकोचापोटी अनेक जण दिवसभर पाणीच पीत नाहीत, म्हणजे शौचालयाकडे जावेच लागू नये. मज्जारज्जूची इजा झालेल्या व्यक्तीसाठी याचा शेवट मूत्रमार्गाच्या संसर्गात होऊ शकतो. एखाद्या पायरीपुरती मदत घ्यायला हरकत नाही, पण मुक्कामाची सगळी आखणीच उचलण्यावर बेतलेली असेल, तर ती जागा नाकारावी.

एखादी पायरी ओलांडताना मदत घ्यावीच लागली, तर मदत करणाऱ्यांना आधी दोन गोष्टी सांगाव्यात. हाताचे टेके आणि पायाचे टेके अनेक खुर्च्यांत निघणारे असतात, त्यांना धरून खुर्ची उचलू नये. मुख्य सांगाडा धरावा. तीव्र उतार उतरताना खुर्ची उलटी फिरवून, म्हणजे बसलेल्या व्यक्तीची पाठ उताराकडे ठेवून, हळूहळू मागे घ्यावी. सूचना देणारा आवाज एकच असावा, आणि तो खुर्चीत बसलेल्या व्यक्तीचा असावा.

रॅम्प आहे असे सांगतात. तो योग्य आहे हे कसे ओळखावे?

मान्य प्रमाण एकास बारा हे आहे. इंच आणि फुटांत ते लक्षात ठेवायला सोपे जाते: एक इंच चढासाठी एक फूट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट, तर दीड फूट उंच जोत्याला अठरा फूट लांबीचा रॅम्प हवा. जोत्याला टेकवलेली चार फुटांची लोखंडी पट्टी म्हणजे रॅम्प नव्हे; तिच्यावरून मोटारसायकल चढते, व्हीलचेअर मागे उलटते.

आजकाल मोबाइलमध्ये उतार मोजायची सोय असते. फोन रॅम्पवर लांबीच्या दिशेने ठेवला की अंश दिसतात. एकास बारा म्हणजे सुमारे पावणेपाच अंश. आकडा आठ-नऊच्या पुढे गेला, तर मागून ढकलणारा धडधाकट माणूस असल्याशिवाय त्यावर जाऊ नये. उघड्या बाजूंना कठडा किंवा निदान चार इंचांची कड आहे का, आणि रॅम्प संपतो तेथे खुर्ची वळवायला सपाट जागा आहे का, हेही पाहावे. रॅम्प थेट तंबूच्या बंद दारावर जाऊन संपत असेल, तर एका हाताने चेन उघडायची आणि दुसऱ्या हाताने खुर्ची मागे घसरू द्यायची नाही, अशी कसरत करावी लागते.

कोणत्या प्रकारचा तंबू घ्यावा?

घुमटाकार लहान तंबू टाळावा. त्यात वाकून, बहुधा रांगतच शिरावे लागते आणि अंथरूण जमिनीवर असते. ज्याला येथे सर्वजण स्विस टेंट म्हणतात, तो उभ्या भिंतींचा, आत पलंग असलेला मोठा तंबू निवडावा. त्यातही दाराशी कापडाची आडवी पट्टी किंवा लोखंडी नळी असते, ती जमिनीपासून किती वर आहे हे विचारावे. दोन इंचांची पट्टीसुद्धा पुढच्या चाकांना अडवते. पुष्कळ ठिकाणी ही पट्टी आत दुमडून पायपुसण्याखाली दाबता येते, आणि त्याला खर्च काहीच येत नाही. आत पलंगाच्या एका बाजूला खुर्ची उभी राहून वळेल, अशी सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी. त्यासाठी जादा खाट आणि टेबल बाहेर काढायला सांगावे.

पलंगाबाबत काय पाहावे?

गादीसह पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी, म्हणजे साधारण 45 ते 50 सेंटिमीटर असली की सरकून जाणे सोपे होते. पलंग फार खाली असेल तर चारही पायांखाली विटा न लावता रुंद लाकडी ठोकळे लावावेत. तंबूंमधील गाद्या बहुधा पातळ असतात. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांनी घरची जाड गादी किंवा हवेची गादी सोबत न्यावी आणि रात्री कूस बदलण्याचा घरचाच क्रम पाळावा. दाबामुळे पडणारी जखम एका रात्रीत सुरू होऊ शकते आणि भरून यायला महिने घेते.

शौचालय आणि अंघोळीची सोय अपुरी असेल तर?

मुक्काम फसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. बहुतेक जागी आता कमोड असतात, पण पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी तीन-चार इंचांचा कट्टा घातलेला असतो, दार आतल्या बाजूस उघडते आणि आत गेल्यावर तेच दार बंद करायला जागा उरत नाही. यावर साधा तोडगा असा की दार दोन दिवसांसाठी काढून जाड पडदा लावायला सांगावे. भिंतीला आधाराची दांडी असेल, तर ती हाताने जोरात हलवून पाहावी. टॉवेल अडकवायची दांडी शरीराचा भार पेलत नाही.

माझा आग्रह असा आहे की पहिल्या मुक्कामाला चाकांची कमोड खुर्ची सोबत न्यावी. पुण्यात रुग्णोपयोगी साहित्य भाड्याने देणाऱ्या संस्था आणि दुकाने पुष्कळ आहेत, आणि दोन-तीन दिवसांसाठी ती सहज मिळते. ती कमोडवर सरकवता येते, अंघोळीला वापरता येते आणि अगदीच वेळ आली तर भांडे लावून तंबूतही वापरता येते. अंघोळीसाठी प्लास्टिकची साधी खुर्ची मात्र वापरू नये, कारण ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात.

कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची नळी, वापरणाऱ्यांनी लागतील त्याहून जास्त नळ्या न्याव्यात, कारण धरणाकाठच्या गावात त्या मिळणार नाहीत. हात धुण्यासाठी साबण आणि स्वच्छ पाणी वेगळे ठेवावे.

पुण्याहून जाण्यासाठी कोणती गाडी करावी?

भाड्याच्या बहुतेक गाड्या सीएनजीच्या असतात आणि त्यांच्या डिकीत टाकी असते, त्यामुळे घडी केलेली व्हीलचेअरही मागे बसत नाही. हे गाडी दारात आल्यावर कळते आणि मग खुर्ची टपावर दोरीने बांधावी लागते. म्हणून गाडी ठरवतानाच "डिकी मोकळी हवी" असे सांगावे. उंच गाडीत जागा भरपूर असते, पण खुर्चीतून सीटवर सरकणे अवघड जाते; बुटकी मोटार त्या दृष्टीने सोयीची. पवनेला लोणावळ्याकडून दुधिवरे खिंडीतून किंवा कामशेतहून पवनानगरमार्गे जाता येते. ज्यांना बसताना तोल सांभाळावा लागतो, त्यांनी खिंडीची वळणे टाळून कामशेतचा रस्ता धरावा.

बॅटरीवरील व्हीलचेअर नेता येईल का?

नेता येईल. चार्जरला फार वीज लागत नाही, पण वेळ पुष्कळ लागतो, आणि ग्रामीण भागात वीज रात्रीही जाऊ शकते. जनरेटर रात्रभर चालतो की ठरावीक वेळी बंद होतो, हे विचारावे. चार्जर दवापासून दूर, कोरड्या खोलीत लावावा. या खुर्च्या जड असल्यामुळे एखादी पायरीही मोठा अडथळा ठरते. साध्या खुर्चीला पुढून जोडायचे मोटारचलित चाक हा चांगला पर्याय आहे. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या निओमोशन कंपनीचे निओबोल्ट हे असेच उपकरण आहे. अशा जोडणीत पुढची लहान चाके जमिनीपासून उचलली जातात, त्यामुळे मुरमाच्या वाटेवर खुर्ची अडत नाही.

पंक्चर झाले तर?

हवेची चाके असतील तर हातपंप आणि एक जादा ट्यूब न्यावी. सायकल दुरुस्त करणारा कोणीही पंक्चर काढून देतो. बाभळीच्या काट्यांपासून जपावे.

शेकोटीजवळ बसणे सुरक्षित आहे का?

अंतर राखले तर आहे. पायांत संवेदना नसेल तर भाजलेले कळत नाही, आणि पायाचा टेका धातूचा असेल तर तो नकळत तापत जातो. आपल्या शेजारी बसलेल्या माणसाला टेक्याला अधूनमधून हात लावून पाहायला सांगावे. त्याच कारणाने गरम पाण्याची पिशवी पायांशी ठेवून झोपू नये. मज्जारज्जूची इजा असलेल्यांचे शरीर तापमान नीट राखू शकत नाही, म्हणून थंडी वाजत नसली तरीही मोजे, टोपी आणि पांघरूण घ्यावे.

विंचू आणि सापांची भीती कितपत आहे?

भीती नको, सवय हवी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश फारसा दुखत नाही. पलंगावर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. पश्चिम महाराष्ट्रात लाल विंचू आढळतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामातून जगाला कळले. मात्र ते रुग्णालयात वेळेवर पोहोचणाऱ्यालाच मिळते. संवेदना नसलेल्या पायाला विंचू चावला तर वेदना होणार नाही, म्हणून बूट आणि खुर्चीची गादी सकाळी झटकल्याशिवाय वापरू नये, आणि अचानक घाम, अस्वस्थता किंवा धडधड सुरू झाली तर पाय तपासावेत.

वैद्यकीय अडचण आली तर काय करावे?

रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे. धरणाकाठच्या काही गावांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून ती कोठे मिळते हे पोहोचताच पाहून ठेवावे आणि एक गाडी चालकासह रात्रभर तेथेच थांबेल अशी व्यवस्था करावी.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर मज्जारज्जूची इजा असेल, तर सोबतच्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असायला हवी. मूत्राशय तुंबणे किंवा कॅथेटरची नळी मुडपणे एवढ्या कारणानेही रक्तदाब अचानक फार वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे आणि वरच्या अंगाला घाम ही त्याची लक्षणे. अशा वेळी व्यक्तीला आडवे करू नये, ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, नळी तपासावी आणि उतार पडत नसेल तर लगेच रुग्णालय गाठावे.

खासगी कॅम्पसाइटवर कायद्याने काही बंधन आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, आणि त्याचे कलम 46 सुगम्यतेची जबाबदारी शासकीय तसेच खासगी सेवा पुरवणाऱ्यांवरही टाकते. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणे या कायद्याशी विसंगत आहे असे सांगून बंधनकारक नियम करण्याचे निर्देश केंद्राला दिले. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे आणि तेथे लेखी तक्रार करता येते. तरीही ज्या जागी जायचे आहे, तेथे आधी मापे आणि उपाय घेऊन जावे. गावातील लहान चालकाला काय करायचे हे कळले, तर तो बहुधा ते करतो.

मी कॅम्पसाइट चालवतो. थोड्या खर्चात सुरुवात कोठून करावी?

शौचालयापासून करावी. एका शौचालयाचे दार रुंद करून ते बाहेर उघडणारे करावे, उंबरा फोडून तेथे हलका उतार द्यावा, कमोडची बैठक जमिनीपासून 45 ते 48 सेंटिमीटर उंचीवर ठेवावी आणि बाजूला भिंतीत पक्की दांडी बसवावी. त्यानंतर वाट. सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालण्याची गरज नाही. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेली चार फूट रुंद वाट उत्तम चालते. सुटी खडी मात्र पसरू नये. ती दिसायला नीटनेटकी असते, पण तिच्यात खुर्ची वाळूत रुतावी तशी रुतते. तंबूंमधील एकच तंबू या वाटेवर, शौचालयाच्या जवळ ठेवावा. तो कोपऱ्यात वाहनतळाशेजारी ढकलू नये. पाणी आणि डोंगर तेथूनही दिसले पाहिजेत. ही कामे झाली की वाटेची आणि दाराची मापे, छायाचित्रांसह, जाहिरातीतच द्यावीत, म्हणजे चौकशी करणाऱ्याला प्रत्येक वेळी आपली गरज नव्याने समजावून सांगावी लागणार नाही.

थोडेफार चालू शकणाऱ्या आजी-आजोबांसाठी हेच सगळे लागू होते का?

बरेचसे होते. त्यांच्यासाठी वाटेत दर 30-40 पावलांवर टेकायला बाक किंवा खुर्ची, रात्री पायाशी पडेल असा उजेड आणि शौचालयात आधाराची दांडी या तीन गोष्टी प्रथम मागाव्यात. व्हीलचेअर भाड्याने घेऊन गाडीत ठेवावी. चालून दमल्यावर ती उपयोगी पडते.